लिलावात गेलेला डबा

त्या दुपारी मला प्रार्थना करता आली नाही. दुसऱ्या कुणी हे वाक्य लिहिलं असतं तर त्यात विशेष काही नव्हतं. पण मी निवृत्त पाळक आहे. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, उभा जन्म पाळकपण केलं, आणि प्रार्थना हा तर माझ्या हातचा मळ. बाप्तिस्मा असो, मयत असो, कुणी नवी स्कूटर घेतलेली असो, "पाळकसाहेब, दोन शब्द प्रार्थना करा" असं कुणी म्हणायचा अवकाश, माझा नळ सुरू व्हायचा. बंद व्हायला मात्र वेळ लागे. माझ्या प्रार्थनेपायी लोकांचा पुलाव थंड होतो, ही माझी पत्नी रत्नमाला हिची लग्नापासूनची तक्रार. तिने पूर्वी एकदा भर पंगतीत मला सांगितलं होतं, "अहो, देवाला ऐकू येतं. आमेन म्हणा आता."

निवृत्त झाल्यावर आम्ही मुलुंड पूर्वेला एका जुन्या सोसायटीत पहिल्या मजल्यावर घर घेतलं. तिथे माझ्या एक गोष्ट लक्षात आली, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आता पुलपिटवर नवा पाळक उभा राहतो आणि मी मागच्या बाकावर बसतो. माझी प्रार्थना ऐकायला घरात फक्त देव आणि रत्नमाला, आणि रत्नमालाचं लक्ष बहुतेक वेळा कुकरच्या शिट्टीकडे. ऐकणारी मंडळी नसली की माझे शब्द कोरडे पडायचे. डोळे मिटले की दूधवाला, दुखरा गुडघा, सोसायटीची गळकी टाकी असलंच काहीतरी मनात यायचं. इतकी वर्षं मी देवाशी बोलत होतो की लोकांना ऐकवत होतो, असा प्रश्न पडायला लागला. वरवर माझी थट्टामस्करी चालूच होती. सोसायटीत सगळे मला 'फादर' म्हणतात. फादर कॅथलिकांचे, ते लग्न करत नाहीत, माझं झालेलं आहे आणि त्याचा पुरावा स्वयंपाकघरात उभा आहे, हे मी अनेकदा समजावून सांगितलं. तरी वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत फादरच. मी हसून ओ देतो. आत मात्र धास्ती होती की खरंच कधी हाक मारायची वेळ आली तर मला आवाज फुटेल का.

आमच्या समोरच्या दारात विशाखा राहते. पोस्टात नोकरी करते. नवरा लवकर गेला, आणि तिने एकटीने मुलाला वाढवलं. हा मुलगा म्हणजे नितीन. आता तिशीचा आहे, घाटकोपरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढतो. नितीनला जन्मापासून हिमोफिलिया आहे. म्हणजे रक्त गोठायला लागणारा एक घटक त्याच्या रक्तात जवळपास नाहीच. तुम्हाआम्हाला जिथे नुसतं टेंगूळ येतं, तिथे त्याला आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. त्यावर उपाय म्हणजे त्या घटकाची इंजेक्शनं. ती 'फॅक्टर' नावाने ओळखतात, सरकारी मोठ्या रुग्णालयातून मिळतात, आणि ती फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. नितीन स्वतःच्या हाताने ती टोचून घ्यायला शिकलेला आहे. माणूस मोठा मिश्कील. विहारात जाणारा, आणि माझ्याशी तासन् तास वाद घालणारा. "फादर, तुमचा देव आणि माझा फॅक्टर, दोघंही वेळेवर मिळाले तर उपयोग," असं तो म्हणायचा, आणि मी त्याला चहा पाजून गप्प करायचो.

त्या आठवड्यात त्यांचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. तेव्हा विशाखाने होता नव्हता तो सगळा फॅक्टर आमच्याकडे आणून दिला. आमच्या फ्रिजमध्ये बोंबील असतात, सुकटीची चटणी असते. वास लागू नये म्हणून रत्नमालाने ती खोकी एका स्टीलच्या डब्यात घातली, काचेच्या बाटल्या हलू नयेत म्हणून भोवती नॅपकिन दाबला आणि झाकण घट्ट लावलं. आता या डब्यांबद्दल सांगायला हवं. निवृत्तीच्या वेळी मंडळीने मला एकसारख्या स्टीलच्या डब्यांचा संच भेट दिला होता, आणि प्रत्येकावर माझं नाव आणि 'मंडळीकडून सप्रेम भेट' असं कोरून घेतलेलं. दुसऱ्या कुणाला घड्याळ मिळतं, मला डबे मिळाले. मी त्यावर आजवर बरेच विनोद केले आहेत. त्या दिवसानंतर एकही केला नाही.

तो रविवार आमच्या कापणीच्या सणाचा होता. शहरात कसली आलीय कापणी, असं कुणीही विचारेल. पण आमच्या मंडळीत बहुतेक सगळे नगरकडचे. बापजाद्यांनी शेतातलं पहिलं पीक देवाच्या घरी नेलं, म्हणून आम्ही नेतो. कुणी भोपळा आणतं, कुणी कुंडीतल्या मिरच्या, कुणी घरचा केक, आणि एखादी कोंबडी उपासनेत मध्येच ओरडते. वेदीसमोर उसाची खोपी उभी करतात. उपासना झाली की या सगळ्याचा लिलाव होतो. त्यातली गंमत अशी की घेणारा बरेचदा वस्तू घरी नेत नाही. पैसे टाकतो आणि म्हणतो, "पुन्हा देवाला." मग तीच वस्तू पुन्हा बोलीवर चढते. एकेक भोपळा असा अख्ख्या मंडळीच्या हातांतून फिरतो.

रत्नमालाचा खरवस या लिलावातली मानाची वस्तू. तबेल्यातून चीक मिळवण्यासाठी ती आधीपासून वशिला लावून ठेवते. पहिल्या पिकासारखंच हे पहिलं दूध, असं तिचं म्हणणं. डबा कुणी उघडूनही बघत नाही, बंद झाकणावरच बोली लागते. त्या सकाळी ती सजावटीसाठी लवकर गेली आणि जाताना मला सांगून गेली, "खालच्या कप्प्यातला डबा तेवढा आणा." मी फ्रिज उघडला. समोर डबा होता. तो घेतला. हातात जरा हलका वाटला. या वर्षी चीक कमी मिळाला असेल, असं मी मनाशी म्हणालो आणि दार लावलं. खाली वाकून बघायचा कंटाळा केला, इतकंच.

लिलावाला मला पुढे बोलावलं. अण्णा बोली पुकारत होते. हे आमच्या मंडळीचे खजिनदार, घसा असा की माईकची गरज नाही. निवृत्त पाळकाने मानाची वस्तू उचलून दाखवायची अशी रीत आहे. मी डबा दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला आणि रंगात येऊन म्हणालो, "आत काय आहे ते सांगत नाही. पण ज्याला मिळेल त्याचं आयुष्य वाढेल!" सगळे हसले. रत्नमाला मागे पत्रावळी मांडत होती, तिने वळूनही बघितलं नाही.

प्रेमभोजन उरकून आम्ही घरी आलो. मी कोट खुंटीला लावला. रत्नमालाने पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला आणि ती तशीच उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "खरवस तर इथेच आहे. मग तुम्ही नेलंत काय?"

मी उत्तर देण्याआधीच दारावर थापा पडल्या. बेल असताना कुणी थापा मारत होतं. दारात विशाखा. "काकू, डबा द्या लवकर. नितीनच्या डोक्याला लागलंय." त्यांच्याकडे मेकॅनिक येऊन गेला होता. फ्रिज सुरू झाला म्हणून नितीन तो मागे सरकवत होता, खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकला आणि उठताना ओट्याच्या दगडी कडेवर त्याचं डोकं जोरात आपटलं. विशाखाच्या कानाला फोन होता, पलीकडे रुग्णालयातले डॉक्टर. ती त्यांना सांगत होती, "हो, हो डॉक्टर, फॅक्टर आहे. शेजारीच आहे. देते आणि निघतो." ते 'शेजारीच आहे' शब्द माझ्या अजून कानात आहेत.

"विशाखा," मी म्हणालो, "डबा लिलावात गेला."

"काय?"

"खरवसाचा समजून मी तो चर्चमध्ये नेला. कुणीतरी घेतला."

तिने मला शिव्या दिल्या असत्या तर सोसलं असतं. ती फक्त वळली, तिच्या घरात शिरली, आणि मी तिच्या मागे गेलो. नितीन खुर्चीत बसला होता, डोक्याला बर्फ धरून. रक्ताचा एक थेंब बाहेर नव्हता, आणि भीती त्याचीच होती. जे व्हायचं ते कवटीच्या आत, न दिसता होणार. डोक्याला मार लागला तर आधी फॅक्टर टोचायचा, मग रुग्णालयात पळायचं, हे त्यांच्या घरात लहानपणापासून पाठ होतं. मुलुंडमधल्या दवाखान्यांत ते औषध मिळत नाही. मोठं रुग्णालय पार दक्षिणेला, आणि तिकडे रिक्षा जात नाहीत. रत्नमालाने फोनवर टॅक्सी बोलावली. मी तिथेच भिंतीला टेकलो आणि सवयीने डोळे मिटले.

"फादर, डोळे मिटू नका!" विशाखा ओरडली. "फोन करा!"

माझा मोबाईल सापडेना, म्हणून मी रत्नमालाच्या हातातला घेतला आणि अण्णांना लावला. अण्णा आठवून आठवून सांगायला लागले. डबा पहिल्यांदा त्यांनीच घेतला आणि पुन्हा देवाला दिला. मग दातांच्या डॉक्टरांनी घेतला, त्यांनीही पुन्हा दिला. "मग शेवटी कुणी नेला, अण्णा?" "शेवटी ना? मागे दाराशी एक बाई उभी होती. तिने बोली लावली, पैसे दिले आणि डबा घेऊन गेली." "कोण बाई?" "आपली नव्हे," ते म्हणाले. "मला वाटलं, कुणाबरोबर तरी आली असेल."

आपली नव्हे. मुंबईतली एक बाई, नाव नाही, गाव नाही, आणि तिच्या हातातल्या पिशवीत नितीनचा जीव. ती दहिसरला गेली असेल की गोवंडीला, कुठे शोधायची? अण्णा म्हणाले, मी स्कूटर काढतो, चर्चवर जाऊन विचारतो. आम्ही नितीनला खाली आणलं. तो कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. मी आधार द्यायला गेलो तर म्हणाला, "तुम्ही पडू नका म्हणजे झालं." पण त्याचा आवाज जरा जड वाटला. की मलाच तसं वाटलं, कोण जाणे. गेटपाशी वॉचमनच्या बाकावर त्याला बसवलं. टॅक्सी मोबाईलच्या नकाशावर दिसत होती. चेकनाक्यापाशी ती वळायची, पुन्हा तिथेच यायची, आमच्या बाजूला काही येत नव्हती. विशाखा मुलाचं डोकं छातीशी धरून उभी होती आणि दर थोड्या वेळाने विचारत होती, "मळमळतंय का रे? नीट दिसतंय ना?"

"दिसतंय गं आई. फादरचा चेहरा दिसतोय, तो तेवढा बघवत नाही," नितीन म्हणाला. त्यानंतर त्याने डोळे मिटले आणि विशाखाने त्याच्या गालावर चापट्या मारल्या.

तेव्हा मी गेटच्या खांबाला धरून प्रार्थना करायला लागलो. म्हणजे प्रयत्न केला. संकटातल्या माणसाच्या उशाशी बसून मी आयुष्यात किती प्रार्थना केल्या असतील! परमकृपाळू पित्यापासून सुरुवात करून मी माणसाला पार आमेनपर्यंत अलगद नेऊन पोहोचवायचो. आता सुरुवातच होईना. परमकृपाळू म्हणायला जीभ वळेना, कारण ज्याच्या हलगर्जीपणामुळे हे झालं त्याने कुठल्या तोंडाने कृपा मागायची? शब्द पाठ होते, पण त्यांच्यात जीव नव्हता. मला रडू कोसळलं. मी घाबरलो होतो, आणि नितीनचं काही बरंवाईट झालं तर मी त्या समोरच्या दाराकडे पुन्हा कसा बघणार होतो? शेवटी तोंडातून दोनच शब्द आले. "प्रभू, डबा." एवढंच. पुन्हा "प्रभू, डबा." लहान मूल चड्डी ओली झाल्यावर आईकडे बघतं तशी ती प्रार्थना होती. तिला आमेनसुद्धा नव्हता.

एक रिक्षा गेटसमोर थांबली. आम्ही टॅक्सीची वाट बघत होतो, म्हणून कुणी तिकडे पाहिलं नाही. त्यातून एक बाई उतरली. अंगावर साधी छापील साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवीतून पाणी ठिबकतंय. तिने वॉचमनला मालवणीत विचारलं, "फादर हयच रवतत मा?"

मी वळलो. तिने पिशवीतून डबा काढला. बर्फाचे तुकडे खाली पडले.

"ह्यो तुमचो डबो," ती धापा टाकत म्हणाली. "माका वाटला खरवस. आवस आजारी आसा माझी, तोंडात काय घेणा नाय, पण खरवस मागल्यान. झाकण काढलंय, तर आत इंजेक्शना! आवशीक म्हटलंय, ह्या खरवस नाय गे, कोणाचो तरी जीव आसा ह्येच्यात."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. विशाखाने डबा जवळजवळ हिसकावून घेतला. बाकावर नॅपकिन पसरला. तिने औषध मिसळलं. नितीनने बाही वर केली, दाताने ओढून दंडाला पट्टा सराईतपणे बांधला, आणि स्वतःच शीर शोधली. औषध सावकाश द्यायचं असतं. इतकं सावकाश काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. सोसायटीतली माणसं भोवती उभी होती. सुई निघाली तेव्हा टॅक्सी आली. विशाखा, नितीन आणि रत्नमाला त्यात बसून गेले. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

मग ती बाई आणि मी तिथे बाकावर बसलो. तिने सगळं सांगितलं. ती दहिसरला राहते, भावाकडे मुलुंडला आजारी आईला बघायला आली होती. रस्त्यावरून जाताना अण्णांची आरोळी ऐकली आणि थबकली, कारण तिच्या गावी जत्रेत देवळासमोर नारळ-केळींचा असाच लिलाव होतो. आत डोकावली तर कुणी अडवलं नाही. खरवस म्हटल्यावर तिला आई आठवली. डबा उघडल्यावर ती तडक चर्चवर परत गेली. भांडी घासणाऱ्या बायकांनी कोरलेलं नाव वाचून आमचा पत्ता दिला आणि मला फोनावर फोन केले. माझा फोन सकाळच्या उपासनेसाठी सायलेंट केलेला होता, खुंटीवरच्या कोटाच्या खिशात. वाटेत तिने उसाच्या रसवाल्याकडून बर्फ मागून घेतला. का घेतला विचारलं तर म्हणाली, डबा थंडगार होता, म्हणजे थंडच लागत असणार.

मी वर जाऊन खरा खरवस आणला आणि तिच्या हातात दिला. ती पैसे पुन्हा द्यायला निघाली. "बाई," मी म्हणालो, "लिलाव झालाय. वस्तू आत्ता मिळतेय." ती हसली, आणि मी मात्र पुन्हा रडायला लागलो, भर गेटात, वॉचमनसमोर. तिने मला गप्प केलं नाही. "रडा," म्हणाली आणि बाजूला बसून राहिली.

संध्याकाळी रत्नमालाचा फोन आला. डोक्याचा स्कॅन चांगला निघाला होता. देखरेखीसाठी ठेवून घेतलं होतं, पण धोका नव्हता. डॉक्टरांनी एवढंच विचारलं होतं की फॅक्टर किती लवकर दिला. यात चमत्कार कुठे होता आणि योगायोग कुठे, हे मी ठरवत बसलेलो नाही. नितीन म्हणतो, जखम मुळात लहान असेल. असेल. ती बाई म्हणते, देवाक काळजी. विशाखा यावर काही बोलत नाही. मला विचाराल तर त्या लिलावात माझ्या घरचा डबा ज्या ज्या हातांतून गेला त्या प्रत्येकाने तो 'पुन्हा देवाला' म्हणून सोडला, आणि शेवटी तो अशा बाईच्या हातात पडला जिने कुणी न मागता तो परत आणला. यापलीकडे मला काही सांगता येत नाही.

नितीन घरी आल्यावर काही दिवस विशाखा माझ्याशी बोलली नाही. जिन्यात भेटली की मान खाली घालून जायची. मी माफी मागितली होती, पण अशा गोष्टीची माफी मागून काय होतं? मग एका सकाळी बेल वाजली. दारात विशाखा, हातात तोच स्टीलचा डबा. रिकामा डबा परत करू नये म्हणतात. मला वाटलं, तिने काही गोडधोड घातलं असेल. रत्नमालाने झाकण उघडलं. आत नितीनच्या इंजेक्शनांची खोकी होती.

"तुमचा फ्रिज सुरू झालाय ना?" मी विचारलं.

"झालाय," विशाखा म्हणाली. "अर्धी तिकडे ठेवलीत, अर्धी इकडे. दोन घरांत असलेली बरी." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडेच ठेवतेय, फादर. दुसरीकडे कुठे ठेवू?"

स्वतःला देवाच्या हाती सोपवा, असं मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो, आणि सांगताना मला वाटायचं की सोपवणारा मी आहे. त्या सकाळी विशाखाने आपल्या मुलाचा जीव पुन्हा माझ्याच हाती सोपवला, ज्याने तो एकदा लिलावात काढला होता त्याच्या. देवही आमच्याशी रोज असंच वागत असणार, हे मला तेव्हा कळलं. इतक्या उपदेशांत मला ते कधी सांगता आलं नव्हतं.

रत्नमालाने त्या डब्याला आता लाल दोरा बांधला आहे आणि मला त्याला हात लावायची मनाई आहे. मंडळीत कुणी प्रार्थनेला बोलावलं तर मी अजून उभा राहतो, पण पुलाव गरम असतानाच आमेन म्हणतो, आणि लोक कुजबुजतात की पाळकसाहेब थकले. घरी पाणी घ्यायला फ्रिज उघडला की तो डबा समोर दिसतो. मी मनातल्या मनात "प्रभू, डबा" म्हणतो, बाटली काढतो आणि दार नीट लावतो.